अर्धा कोयता

रविवारची मिस्सा आटोपली की मी लहान मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेते. धाराशिव जिल्ह्यातलं छोटंसं देऊळ, दुसरी ते चौथीची लेकरं. बहुतेकांच्या घरी ऊसतोडीचा कोयता.

त्या दिवशी मत्तयाच्या शुभवर्तमानातला द्राक्षमळ्याचा दाखला सांगत होते. मालक सकाळीच मजूर लावतो, मग नऊला, बाराला, तीनला आणखी. पाच वाजताही काहीजण चौकात उभेच. का? तर आम्हाला कुणी कामावर लावलंच नाही. संध्याकाळी त्यांच्याही हातावर तो पूर्ण दिवसाची मजुरी ठेवतो. लहानपणी मला हे पटत नसे. दिवसभर राबलेल्यांवर अन्याय झाला असं वाटे. ही लेकरं तिथं अडलीच नाहीत. दिवाळीनंतर शाळा सोडून आईबापांबरोबर फडावर राहून आलेली ती. काम मिळेपर्यंतचं उभं राहणं त्यांनी पाहिलेलं. एकानं विचारलं, "मालकानं उचल दिली होती का?" मग तिसरीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, हरएकाला वेगळे पैसे? बायांना पण?"

ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, जोडीची, पण मुकादम ती मोजतो पुरुषाच्या हातावर. एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता. या मुलीची आई तशी.

मी गप्प झाले. सातवी आज्ञा, चोरी करू नको, शिकवताना मी वर्षानुवर्षं पेन्सिल-खोडरबरापुढे गेलेच नव्हते. पोप लिओ तेरावे यांनी तर 1891 मध्येच 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात बजावलं होतं की मजुरी बुडवणं हा स्वर्गापर्यंत हाक जाणारा अपराध आहे. आणि जानेवारी 2020 मध्ये इथंच, तेव्हाच्या उस्मानाबादेत, साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून चाकाच्या खुर्चीतून आलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो मी पाहिले होते. वसईची जमीन आणि पाणी राखायला रस्त्यावर उतरलेला हा धर्मगुरू. त्यांना पाहून भारावले, आणि वर्गात येऊन पुन्हा खोडरबरच शिकवत राहिले. याची खंत आहे.

पुढच्या रविवारी सातवी आज्ञा नव्यानं घेतली. फळ्यावर उसाची मोळी काढली. ही बांधली कुणी? "आईनं!" डोक्यावरून गाडीपर्यंत नेली कुणी? "आईनं!" मग पैसे कुणाचे?

कुणी बोललं नाही. ती मुलगी उठली, माझ्या हातातला खडू घेतला आणि मोळीखाली तिनं आपल्या आईचं नाव लिहिलं. सावकाश, काना-मात्रा सांभाळून.