फळी बांधलीस का?

प्रत्येक घराचं एक ठरलेलं वाक्य असतं. कुणाच्या घरी "दिवा लावलास का?", तर कुणाच्या घरी "अभ्यास झाला का?" आमच्या घरात गेली दोन वर्षं सर्वात जास्त वेळा उच्चारलं गेलेलं वाक्य म्हणजे "फळी बांधलीस का?" हे वाक्य माझ्या वडिलांचं. त्याला मी एकदा दिलेलं उत्तर हाच या लेखाचा विषय आहे.

माझे वडील पिकअप चालवतात. चौथीनंतर त्यांची शाळा सुटली. आईची तर सुरूच झाली नाही. पिकअपचे हप्ते अजून चालू आहेत. विटा, रेती, लग्नातली भांडी, गणपतीच्या मूर्ती, जे मिळेल ते बाबा वाहतात. पण ऑक्टोबर ते मे हा आमचा खरा हंगाम असतो तो एटीव्हीचा.

आपल्यापैकी बहुतेकांनी या गाड्या पाहिल्या असतील. नागावच्या किंवा काशीदच्या किनाऱ्यावर रविवारी गेलं, की जाड फुगीर टायरांच्या, मोटारसायकलसारखं हँडल असलेल्या चारचाकी गाड्या वाळूतून धूळ उडवत धावताना दिसतात. मुंबई-पुण्याची पोरं त्यांवर बसून किंचाळतात. या गाड्या मुळात आपल्या नव्हेत. होंडाने १९७० साली अमेरिकेत फुग्यासारख्या टायरांची तीनचाकी गाडी विकायला काढली. पुढे १९८२ साली सुझुकीने चारचाकी आणली. तीनचाकी फार उलटू लागल्या, म्हणून १९८८ मध्ये अमेरिकेत त्यांची विक्रीच थांबली. तिकडे शेतकरी आपल्या मैलोन्मैल पसरलेल्या रानातून फिरायला आणि शिकारी जंगलात जायला त्या वापरतात. आपल्याकडे त्या आल्या त्या खेळण्याच्या रूपाने. पण खेळणं असलं तरी वजन काही खेळण्याचं नाही! लहान मुलांसाठीची गाडी शंभर किलोच्या आसपास भरते, तर मोठी दोनशे-तीनशे किलोच्या घरात जाते.

गंमत अशी, की एवढी ताकदवान गाडी, पण स्वतःच्या चाकांनी एका गावाहून दुसऱ्या गावाला जाऊ शकत नाही. बहुतेकींना नंबराची पाटी नसते. डांबरी रस्त्यावर त्यांना परवानगी नाही, आणि त्यांचे टायरही डांबरासाठी केलेले नाहीत. म्हणून नागावची गाडी काशीदला न्यायची असो, किंवा पावसाळ्याच्या तोंडाशी किनाऱ्यावरचा धंदा बंद झाल्यावर कार्लेखिंड ओलांडून एखाद्या शेडमध्ये ठेवायची असो, ती पाठीवर घ्यावी लागते. ती पाठ म्हणजे आमची पिकअप.

मी अकरावीत जाईपर्यंत बाबांच्या जोडीला एक किन्नर होता. तो पनवेलकडे एका कंपनीत लागला. दुसरा परवडेना. मग सुटीच्या दिवशी मीच जाऊ लागले. आईला ते पसंत नव्हतं. "कॉलेजात जाणारी पोर गाडीवर किन्नर म्हणून?" असं ती म्हणायची. बाबा काहीच म्हणत नसत. ते फक्त दाराशी हॉर्न वाजवत.

एटीव्ही पिकअपमध्ये चढवणं म्हणजे काय विशेष, असं मला आधी वाटे. दोन फळ्या लावायच्या, गाडी चालू करायची आणि वर न्यायची. पण बाबांच्या शाळेतला पहिला धडा फळीचा नव्हताच. तो होता जागेचा. पिकअपचा हौदा जमिनीपासून सुमारे तीन फूट उंच. सहा फुटांची फळी लावली, तर दर दोन फुटांना एक फूट चढ होतो. अशा चढावर गाडीचं तोंड उचललं जातं आणि ती चालवणाऱ्याच्या अंगावर मागे उलटू शकते. म्हणून बाबांच्या फळ्या दहा फुटांच्या आहेत. ऐनाच्या लाकडाच्या, आणि टायरला पकड मिळावी म्हणून वर आडव्या पट्ट्या ठोकलेल्या. शिवाय ते पिकअप कधी मऊ वाळूत नेत नाहीत. वर सुरूच्या झाडांपाशी, जिथे एखादा बांध किंवा मातीचा उंचवटा असेल, तिथे ते गाडीची पाठ टेकवतात. बांध दीड फूट उंच असला की चढ निम्मा झाला. "चढ कमी करता येत असंल तर ताकद कशाला लावायची?" असं ते म्हणतात.

दुसरा धडा बांधणीचा. गाडी हौद्यात गेली की पुढची चाकं केबिनच्या पाठीला टेकवायची, म्हणजे वजन पिकअपच्या मागच्या चाकांच्या पुढे राहतं. वजन मागे गेलं तर पिकअपचं तोंड हलकं होतं आणि स्टिअरिंग हातात राहत नाही. मग एटीव्ही गिअरमध्ये टाकायची, ब्रेक लावायचा, पेट्रोलचा कॉक बंद करायचा आणि चावी खिशात घालायची. त्यानंतर चार कोपऱ्यांना चार पट्टे. पट्टा हँडलला कधी बांधायचा नाही, कारण हँडल फिरतं. तो सांगाड्याला बांधायचा, आणि असा आवळायचा की गाडी आपल्या स्प्रिंगांवर थोडी खाली बसली पाहिजे. नाहीतर पहिल्याच खड्ड्यात ती उसळते, पट्टा सैल पडतो आणि हूक निसटतो. एवढं करूनही दोन-तीन किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा तपासायचे. रेवदंड्याच्या पुलाच्या अलीकडे बाबा न चुकता थांबतात.

एकदा एका मालकाने एकाच खेपेत दोन मोठ्या गाड्या न्यायचा आग्रह धरला. दुसरी मागे दोन-तीन फूट बाहेर राहिली असती. फाळका उघडा ठेवून लाल फडकं बांधू, असं तो म्हणाला. बाबांनी नाही म्हटलं. मला वाटलं, हातची खेप घालवली. पुढे कळलं, की २०१९ साली दुरुस्त झालेल्या मोटार वाहन कायद्यात माल गाडीच्या बाहेर मर्यादेपलीकडे गेला तर वीस हजार रुपये दंडाची तरतूद आहे. बाबांनी कायदा वाचला नव्हता. त्यांचं कारण साधं होतं: "मागून मोटारसायकलवाला येतो, त्याच्या तोंडासमोर लोखंड नको."

आणि तिसरा धडा, सर्वात महत्त्वाचा. फळीच्या वरच्या टोकाला लोखंडी हूक असतो. तो हौद्याच्या कडेवर बसतो. पण हूक नुसता बसवून चालत नाही. फळीला दोर घालून तो पिकअपच्या खालच्या कड्याला करकचून बांधावा लागतो. का, तर गाडी वर चढते तेव्हा तिची मागची चाकं फळीला मागे ढकलतात. फळी मागे सरकली की हूक सुटला आणि गाडी खाली! नववीच्या विज्ञानात न्यूटनचा तिसरा नियम मी तोंडपाठ केला होता. परीक्षेत त्याचे पूर्ण गुणही मिळाले होते. पण तो नियम समुद्रकाठी सुरूच्या झाडाखाली एका ऐनाच्या फळीत राहतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

२०२४ च्या मे महिन्याची अखेर होती. एफ. वाय. ची परीक्षा संपली होती. ढग जमू लागले होते आणि गाड्या हलवण्याची घाई होती. त्या दिवशीची ती चौथी खेप. मी डाव्या फळीचा दोर बांधला आणि उजवीकडे वळले. तेवढ्यात वाळूवरून हसण्याचा आवाज आला. आमच्या वर्गातला एक घोळका, सहा-सात जण, सुटीत फिरायला आले होते. माझ्या अंगावर बाबांचा जुना शर्ट, हातांना ग्रीस, डोक्याला फडकं. वर्गात मी कधी सांगितलं नव्हतं, की माझे वडील काय करतात. कुणी विचारलं तर "ट्रान्सपोर्टचा व्यवसाय" असं म्हणायची. मी दोर तसाच टाकला आणि पिकअपच्या पलीकडे, केबिनच्या आड जाऊन उभी राहिले.

"फळी बांधलीस का?" बाबांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं.

माझ्या आयुष्यातला एवढा लहान आणि एवढा महाग शब्द दुसरा नाही.

बाबा स्वतः एटीव्हीवर बसून कधी चढवत नाहीत. बाजूला चालत, एका हाताने हँडल धरून, हळूहळू वर नेतात. पुढची चाकं हौद्यात टेकली आणि मागची फळीच्या मध्यावर आली, तेव्हा उजवी फळी मागे सरकली. आवाज फार मोठा झाला नाही. एक कट्कन, आणि मग काहीतरी जड वस्तू वाळूत पडल्याचा. मी धावत पलीकडे गेले, तेव्हा गाडी कुशीवर पडली होती आणि बाबांचा डावा पाय तिच्याखाली होता.

गाडी उचलली ती त्याच घोळक्याने. ज्यांच्यापासून मी लपले होते, त्यांनीच. त्यांतल्या एकाने आपल्या ओल्या टॉवेलात पाय गुंडाळला, दुसऱ्याने गाडी बोलावली. "तू इथे कशी?" असं कुणी विचारलं नाही. मला त्या क्षणी तेच सर्वात जास्त लागलं.

नडगीचं हाड मोडलं होतं. तीन महिने बाबा खाटेवर होते. हप्ते थकले. आईने आपल्या हातच्या दोन बांगड्या सोडवायच्या बोलीवर ठेवल्या. त्या अजून सुटलेल्या नाहीत. एस. वाय. ची फी भरायची वेळ आली, तेव्हा मी म्हटलं, "मी कॉलेज सोडते." बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. ते तसेच म्हणाले, "पाय माझा मोडलाय. तुझं काय मोडलंय?"

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते एकच सांगत, "हूक तुटला." मालकालाही त्यांनी तेच सांगितलं. लोक मान हलवत आणि म्हणत, लोखंडाचा काय भरवसा! मी चहा देत असे आणि ऐकत असे. पण फळी आमच्या पडवीत उभी होती, आणि तिचा हूक शाबूत होता. येता-जाता तो मला दिसे. पाऊस लागला, पडवीत ओल आली, हुकावर गंज चढला, तरी तो तुटलेला दिसेना.

श्रावणात एके रात्री वीज गेली होती. आई शेजारी गेलेली. अंधारात बोलणं सोपं जातं, म्हणून मी बोलले. "बाबा, हूक तुटला नव्हता. मी दोर बांधला नव्हता. मी खोटं बोलले."

बराच वेळ ते गप्प होते. बाहेर पागोळ्या पडत होत्या.

"म्हायती हाय मला," ते म्हणाले. "पडल्या पडल्या पहिला दोरच दिसला. सुटा लोंबत होता."

"मग तुम्ही हूक तुटला म्हणून का सांगता?"

"लोकांना काय सांगायचं ते मी ठरवणार." आणि थोड्या वेळाने म्हणाले, "चढवायच्या आधी फळी बघायचं काम माझं. पंधरा वर्षं मी बघत आलो. त्या दिवशी नाय बघितली. तुझ्या 'हो'वर चढलो."

त्यांनी मला क्षमा केली, असं मला म्हणता येत नाही. रागावले, असंही नाही. त्यांनी फक्त घडलं ते सांगितलं. पण "तुझ्या 'हो'वर चढलो" हे तीन शब्द तेव्हापासून माझ्या मानेवर बसले आहेत.

त्यानंतर मी विचार करू लागले, की मी दिवसातून किती वेळा न बांधता 'हो' म्हणते! तासाला सर विचारतात, "समजलं का?" आणि आम्ही सारे एका सुरात म्हणतो, "हो सर." अर्थशास्त्रातली घटत्या उपयोगितेची ती वक्ररेषा मला एफ. वाय. मध्ये मुळीच समजली नव्हती, तरी मी हो म्हटलं होतं. घरात आधी कुणी कॉलेज पाहिलेलं नाही. "नाही समजलं" म्हटलं तर आपण इथल्या नव्हे असं दिसेल, ही भीती. वर्गमित्रांपासून केबिनच्या आड लपताना जी लाज होती, तीच ही लाज. फळी सुटी राहते ती याच लाजेने. आणि आमच्या 'हो'वर विसंबून सर पुढच्या धड्यावर चढतात!

या वर्षी मी दोनदा उभी राहून "नाही समजलं, सर" म्हटलं. पहिल्यांदा पाय थरथरत होते. सरांनी फळा पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून शिकवलं. तास सुटल्यावर मागच्या बाकावरची एक मैत्रीण हळूच म्हणाली, "बरं झालं विचारलंस."

बाबा दिवाळीनंतर पुन्हा गाडीवर जाऊ लागले. डावा पाय जरा ओढतात. क्लच दाबताना ओठ आवळतात, पण बोलून दाखवत नाहीत. सुटीच्या दिवशी मी बरोबर असते. परवाच्या रविवारी वर्गातली तीच मंडळी पुन्हा किनाऱ्यावर भेटली. मी ग्रीसचे हात तसेच वर करून त्यांना हाक मारली. त्यांतल्या दोघांनी एटीव्ही ढकलायला हात लावला, आणि बाबांनी त्यांना चहा पाजला.

मी दोन्ही दोर बांधले. गाठ ओढून पाहिली. बाबांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "फळी बांधलीस का?"

"बांधली," मी म्हटलं.

ते काही बोलले नाहीत. पाय ओढत आले, वाकले, आणि दोन्ही दोर स्वतःच्या हाताने ओढून पाहिले. मग एटीव्हीकडे वळले.

पूर्वी असं कुणी तपासलं असतं तर मला राग आला असता. आता येत नाही.