पडदा कुठल्या बाजूला फुगतो

शाळेत असताना खारे वारे कुठले आणि मतलई कुठले, यात माझा कायम घोळ व्हायचा. तो मिटवला मुंबईच्या खोताच्या वाडीतल्या एका पडद्यानं. माझ्या शाळासोबत्याच्या घराचं पुढचं दार पश्चिमेला, चौपाटीच्या अंगाला होतं. दाराला क्रोशाच्या किनारीचा पांढरा पडदा. सकाळचे अकरा वाजून गेले की तो आत फुगायचा. थंडीच्या दिवसांत रात्री उशिरापर्यंत पत्ते कुटत बसलो, की तोच पडदा हळूच बाहेर ओढला जायचा. दिवसा समुद्राचा खारा वारा, रात्री जमिनीचा मतलई. भूगोलातले ते दोन मार्क पुढे कधी गेले नाहीत.

आमची चाळ पलीकडच्या गल्लीत. मे महिन्यात दुपारी आमच्या खोलीत बसवत नसे, म्हणून मी वाडीत पडीक असायचो. त्यात मैत्रीचा भाग किती आणि गारव्याचा किती, हे मित्राला मी अजून सांगितलेलं नाही.

वाडी वसवली ती दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांनी, असं सांगतात. त्यांच्याकडून जागा घेऊन ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांनी घरं बांधली. लोक त्यांना सरसकट ‘पोर्तुगीज घरं’ म्हणतात. जाळीदार कठडे, कमानी, दारापाशी क्रूस, हे सगळं तिकडचं आहे, कबूल. पण लिस्बनला वर्षभरात जेवढा पाऊस पडतो त्याच्या दुपटीहून जास्त इथे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो, तोही नैर्ऋत्येकडून, वाऱ्यावर तिरका होऊन. त्या पावसाशी गाठ होती ती वरच्या छपराची, आणि छप्पर अस्सल कोकणातलं होतं. उतरतं, मंगलोरी कौलांचं, भिंतीच्या बरंच पुढे आलेलं. झड आली तरी ती व्हरांड्यातच अडायची. आतल्या खिडक्या भर पावसात सताड उघड्या ठेवता यायच्या. मुंबईत पावसाळ्यात खिडकी उघडी ठेवता येणं ही केवढी चैन आहे, हे बंद काचांमागे घामानं निथळत बसल्याशिवाय कळत नाही.

पुण्याला मामाच्या वाड्यात गेलो की कोडं पडायचं. तिथे भिंती हातभर जाड, बाहेरच्या खिडक्या लहान, सगळा कारभार आतल्या चौकात. उन्हाळ्यात तिथली दुपार पेटते, पण रात्र निवते. रात्रीचा गारवा जाड भिंत दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुरवून वापरते. मराठवाड्यात पाऊस कमी, तर मातीचं सपाट धाबंसुद्धा चालून जातं. मुंबईत रात्र निवतच नाही, मग भिंतीनं साठवायचं काय? इथे दोनच गोष्टी कामाच्या, सावली आणि वारा. म्हणून वाडीतली घरं लाकडाची, हलकी. पुढच्या दारातून मागच्या स्वयंपाकघरापर्यंत नजर सरळ जायची, आणि नजरेच्या वाटेनंच वाराही. गरम हवा वर चढायची आणि कौलांच्या फटींतून निघून जायची. जिना बाहेरून असल्यामुळे आतली जागाही मोकळी राहायची. त्या जिन्याखाली सायकल, जुनं पिंप आणि दुपारी झोपलेलं कुत्रं, असा ठरलेला संसार.

हे सगळं फुकट मिळत नसे. दर मे महिन्यात कौलं परतायला माणसं यायची. एकेक कौल काढायचं, शेवाळ खरवडायचं, फुटलेलं बाजूला ठेवायचं, बाकीची पुन्हा रिपांवर बसवायची. मंगळुरात बासेल मिशननं १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि त्या नमुन्याची कौलं पुढे सगळ्या किनाऱ्यावर पसरली. त्यांची खुबी म्हणजे खाचेत खाच बसते. हात बसलेला माणूस खालून पाहून सांगायचा, तिसऱ्या ओळीतलं पाचवं सरकलंय. त्याच दिवसांत अंगणात मिरच्या वाळत पडलेल्या असत. पावसाआधी बाटली मसाला कुटून, तपकिरी बाटल्यांत दाबून भरायचा असे. वरून कौलांची धूळ, खालून मिरचीचा खाट. आम्ही पोरं शिंकून बेजार. एवढं करूनही जुलैत कुठेतरी गळायचंच. मग पातेलं ठेवायचं, आणि रात्रभर त्याचा टपटप ठेका. वाळवी होती, माळ्यावर उंदीर होते, कपड्यांना दमट वास होता. स्वर्ग वगैरे नव्हता.

एकेकाळी वाडीत पासष्टच्या आसपास घरं होती असं म्हणतात. आता ती तिशीच्या आत आली आहेत. १९९५ च्या वारसा नियमांमुळे वाडीचं नाव यादीत आलं, हे चांगलंच झालं. रविवारी सकाळी कॅमेरे घेऊन मंडळी येतात, रंगीत कठड्यांसमोर उभी राहतात. यादीत घर येतं, कठडा येतो, जिना येतो. वारा कसा येणार? एका घराचा वारा शेजारच्या बैठ्या घरावरून आलेला असतो. शेजार उंच झाला की मधलं घर जसंच्या तसं उभं राहतं, फक्त त्याचा श्वास कोंडतो.

उंच इमारत म्हणजे वाईटच, असं मात्र मी म्हणणार नाही. इथून फार लांब नाही, पेडर रोडला वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी कांचनजंगा ही इमारत बांधली. १९८३ मध्ये ती पुरी झाली. मुंबईत वारा पश्चिमेचा, पण दुपारचं ऊन आणि पावसाचा माराही तिकडूनच. जुन्या बंगल्यांनी यावर व्हरांडा काढला होता. कोरियांनी तोच व्हरांडा उचलून दोन मजली उंचीचा केला आणि आकाशात नेऊन ठेवला. म्हणजे युक्ती कुणाला ठाऊक नव्हती असं नाही. आपण मात्र बाल्कन्या सरकत्या काचा लावून खोलीत घेतल्या, आणि मग त्या खोलीला एसी लावला.

गेल्या जुलैत आंटींना, म्हणजे मित्राच्या आईला, भेटायला गेलो. मित्र परदेशात. छपरावर निळी ताडपत्री, तिच्यावर विटांचे तुकडे. कौलं परतणारी माणसं आता मिळत नाहीत, आणि मिळाली तर सांगतील तो दर. ताडपत्रीनं पाणी थांबलं, पण फटीही बुजल्या, त्यामुळे माळ्याखाली भट्टी झालेली. पश्चिमेला, जिथे पूर्वी दुसऱ्या घराच्या छपरावरून माडाचे शेंडे दिसायचे, तिथे आता भिंतच दिसते. पंखा पाचवर.

दाराचा पडदा हलत होता. मी म्हटलं, “आंटी, अजून येतो की वारा!”

“तो पंख्याचा रे,” त्या म्हणाल्या. “बंद कर बघू.”

मी बटण दाबलं. पाती फिरत फिरत थांबली. पडदा सरळ खाली लोंबत राहिला. दोघंही त्याच्याकडे बघत बसलो. कपाळावरून घाम भुवईत उतरला. मग वरच्या मजल्यावरचं कुणीतरी जिना उतरून दारासमोरून गेलं, तेवढ्यापुरती क्रोशाची किनार हलली.

“लाव परत,” आंटी म्हणाल्या.