पुढे ओढलेली शिल्लक

मागच्या हिवाळ्यात मी लेकीकडे न्यू जर्सीला, एडिसनला होते. नात दुसऱ्या वर्षाची पहिली सेमिस्टर संपवून सुट्टीला घरी आली आणि दुसऱ्याच दिवशी ताटावर बसल्या बसल्या म्हणाली, "मला कॉलेज बदलायचंय."

तिला डॉक्टर व्हायचे आहे. आपल्याकडे बारावीनंतर नीट दिली की सरळ एमबीबीएस. तिकडे आधी चार वर्षांची पदवी, कोणत्याही विषयातली चालते. त्यातच बायॉलॉजी, केमिस्ट्री, ऑरगॅनिक, फिजिक्स प्रयोगांसकट पुरे करायचे, एमकॅट द्यायची आणि मग मेडिकलला अर्ज. या तयारीला प्री-मेड म्हणतात.

तिचे कॉलेज परराज्यातले, खाजगी आणि लहान. कारणे तिने भरपूर सांगितली. फी परवडत नाही, कर्ज वाढतेय. मेसमध्ये संध्याकाळचे जेवण पाचला सुरू होते आणि डिसेंबरात सूर्य साडेचारलाच मावळतो, म्हणजे पोरगी फळांवर राहायची. हे ऐकून माझा जीव कळवळला, हे कबूल करते. लेक तर लगेच रटगर्सचे फॉर्म शोधू लागली. ते न्यू जर्सीचे सरकारी विद्यापीठ, घरापासून जवळ, राज्यातल्या मुलांना फी कमी. नातीच्या मनात मात्र आणखी दूरचे, मोठ्या नावाचे एक विद्यापीठ होते.

रात्री भांडी आवरताना तिने हळूच सांगितले, ऑरगॅनिकमध्ये सी प्लस आला होता.

आता माझे सांगते. घरात आजवर कुणाला माहीत नव्हते. अकरावीला मी कोल्हापूरला वसतिगृहात राहून सायन्सला होते. दिवाळीनंतर परत आले आणि कॉमर्स घेतले. सगळ्यांना सांगितले, घरची आठवण येते, तिथले पाणी सोसत नाही. खरे म्हणजे केमिस्ट्रीत नापास झाले होते. कॉमर्स मला आवडले, तो भाग वेगळा. पण पळून आले होते, हे मला ठाऊक होते. नातीला हे सगळे सांगून विचारले, "तुला कॉलेज सोडायचंय की तो सी प्लस?" ती रडली. मग आम्ही दोघी लॅपटॉप घेऊन बसलो.

बी.कॉम.चा उपयोग असा होईल वाटले नव्हते. विद्यापीठ बदलले की बऱ्याच ठिकाणी नव्या जागी सरासरी शून्यापासून सुरू होते, त्यामुळे मुलांना वाटते पाटी कोरी झाली. पण मेडिकलचे बहुतेक अर्ज एएमसीएएस नावाच्या एकाच ठिकाणाहून जातात आणि तिथे प्रत्येक कॉलेजचे गुणपत्रक द्यावेच लागते. विषय पुन्हा घेतला तर दोन्ही वेळचे गुण मोजतात. वही बदलली तरी शिल्लक पुढे ओढायचीच! शिवाय प्राध्यापकांची शिफारसपत्रे लागतात. तिसऱ्या वर्षी नव्या जागी गेले आणि ते वर्ष संपताच अर्ज करायचा म्हटले, तर ओळख व्हायला दोनच सेमिस्टर मिळतात. मोठ्या वर्गात सरांना नावसुद्धा कळायचे नाही.

दूरचे विद्यापीठ तिने स्वतःच खोडले. तिथे फीही तितकीच होती, नुसते नाव मोठे. रटगर्सचे कारण खरे होते, कारण ते पैशाचे होते. जावयांनी कर्जाचे आकडे पहिल्यांदाच तिच्यापुढे ठेवले, ते आधीच करायला हवे होते.

ठरले ते असे. ऑरगॅनिकचा दुसरा भाग त्याच कॉलेजात, त्याच सरांकडे करायचा, आणि बदली त्यानंतर. पदवीनंतर एक वर्ष थांबून मेडिकलचा अर्ज. "वर्ष वाया जाणार," म्हणून लेक दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. तिकडे असे थांबणारी मुले पुष्कळ असतात, हे तिला नातीनेच समजावले.

उन्हाळ्यात फोन आला. बी प्लस! त्याआधी ती दर आठवड्याला सरांच्या खोलीत शंका घेऊन जायची, आणि पत्र द्यायला ते आपणहून तयार झाले. आता ती रटगर्सला जाते. वर्ग नदीच्या दोन्ही बाजूंना विखुरलेले, बसने ये-जा करावी लागते. लेक सकाळी दोन डबे देते, त्यातला दुसरा चारच्या सुमारास बसमध्येच उघडतो.