ओतूरच्या मळ्यात कोणतं पिस्तूल?

घराच्या रक्षणासाठी आणि हौसेच्या नेमबाजीसाठी पूर्ण आकाराचं सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल कसं निवडावं यावर लेख द्या, असं संपादकांनी सांगितलं. प्रस्तुत लेखकाने लगेच होकार दिला. लष्करात जवानांना छोटी हत्यारं शिकवण्यात ज्याची उमेदीची वर्षं गेली, त्याला हा विषय नवा नाही. जुन्नर तालुक्यातल्या ओतूरकरांनाही तो आता नवा राहिलेला नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत तीन जीव गेले, त्यांत दोन लहान मुलं होती. लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग रोखून धरला. अखेर वनखात्याच्या मोहिमेत नेमबाजांनी बिबट्याला गोळी घातली. तेव्हापासून जुन्नर-आंबेगावच्या वस्त्यावस्त्यांवर चौकशी चालू आहे: परवाना कसा काढायचा आणि घ्यायचं कोणतं?

ओतूरचे एक कांदा उत्पादक हाच प्रश्न घेऊन आले. घर गावाबाहेर, उसाला लागून. थ्री फेज वीज रात्रीच्या पाळीला, त्यामुळे दारं धरायला बाहेर पडायचं तेही रात्रीच. मोबाइलवर पाहून त्यांनी निवड आधीच करून ठेवली होती: ग्लॉक १७, सीझेड ७५, बेरेटा ९२. तिन्ही नावाजलेली, तिन्ही ९ एमएमची. आणि यांतलं एकही आपल्याकडे सामान्य परवानाधारकाला मिळत नाही.

शस्त्र अधिनियम १९५९ चा आहे. सैन्याचं ९ एमएम काडतूस ज्यातून उडतं, ते पिस्तूल प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतं. परदेशातून हत्यार आणण्याची वाटही सामान्य नागरिकाला १९८० च्या दशकापासून बंद आहे. नामांकित नेमबाजांना खेळापुरती सवलत मिळते. उरतो तो ०.३२ बोअर. त्यात कानपूरची रिव्हॉल्वर, ईशापूरच्या रायफल फॅक्टरीचं ‘अशनी’ पिस्तूल, २०१४ मध्ये आलेली हलकी ‘निर्भीक’, २०२३ मध्ये आलेली आणि सिलिंडर बाजूला उघडणारी ‘प्रबल’, उत्तर प्रदेशातल्या हरदोई जिल्ह्यात २०२० पासून बनणारी वेब्ली अशी थोडकी नावं आहेत. काडतुसांसाठी मात्र पुणेकरांना लांब पाहायला नको. पितळी बुडावर ‘केएफ’ अशी अक्षरं कोरलेली दिसली की ते काडतूस आपल्या खडकीच्या कारखान्यातलं. १८६९ पासून हा कारखाना चालू आहे आणि ती अक्षरं पाहिली की लेखकाला आजही अभिमान वाटतो.

‘बत्तीस बोअर म्हणजे खेळणं’ हे वाक्य मात्र ऐकवत नाही. आकडेच पाहावेत. ०.३२ पिस्तुलाची गोळी साधारण साडेचार ग्रॅमची, सेकंदाला पावणेतीनशे मीटरच्या आसपास जाणारी. ऊर्जा सुमारे १७५ ज्यूल. ९ एमएमची ऊर्जा साडेचारशे ते पाचशे ज्यूल. फरक मोठा आहे, तो कोणी नाकारत नाही. पण चुकलेल्या ९ एमएमपेक्षा लागलेली ०.३२ केव्हाही भारी, आणि लागणं-चुकणं हे बोअरवर ठरत नाही. ते ठरतं हत्याराच्या आकारावर आणि हाताच्या सवयीवर.

आकाराचं हे गणित कोणी समजावून सांगत नाही, म्हणून जरा विस्ताराने. पिस्तुलावर मागे खाच असते आणि पुढे टोकाला माशी. दोघींमधलं अंतर समजा १० सेंटिमीटर आहे आणि नेम धरताना माशी खाचेत अवघी एक मिलिमीटर सरकली. दहा मीटरवर गोळी दहा सेंटिमीटर बाजूला जाते. हेच अंतर १६ सेंटिमीटर केलं, तर तीच एक मिलिमीटरची चूक सव्वासहा सेंटिमीटरवर येते. हात तोच, डोळा तोच, हत्यार फक्त लांब. शिवाय मोठ्या पिस्तुलाच्या मुठीवर पूर्ण पकड बसते आणि वजनामुळे धक्का कमी जाणवतो. कमरेला लपवायला लहान पिस्तूल सोयीचं असतं खरं, पण घरातल्या हत्याराला कमरेवर राहायचंच नसतं. म्हणून परवान्यात बसणाऱ्या हत्यारांपैकी लांब नळीचं, पूर्ण मूठ असलेलं घ्यावं. दुकानदार सहसा उलटं सांगतात, कारण गिऱ्हाईक छोटं आणि चकचकीत मागतं.

यापुढे खरा वाद सुरू होतो: पिस्तूल की रिव्हॉल्वर? प्रशिक्षकांमध्ये हा वाद वर्षानुवर्षं चालला आहे आणि लेखकाचं मत त्यात ठाम आहे. महिन्या-दोन महिन्याला रेंजवर जाणार असाल तर पिस्तूल. वर्षभर कपाटात राहणार असेल तर रिव्हॉल्वर.

कारण सांगायचं तर पिस्तूल आतून पाहावं लागेल. ०.३२ चं काडतूस जॉन ब्राउनिंग यांनी १८९९ च्या सुमारास बेल्जियमच्या एफएन कंपनीसाठी रचलं, आणि त्याची पिस्तुलं बहुतेक साध्या यंत्रणेची असतात. नळी जागेवर पक्की. वरचा स्लाइड स्वतःच्या वजनावर आणि स्प्रिंगच्या जोरावर काडतुसाचा दाब पेलतो. त्यामुळे स्प्रिंग कडक असते. साठीतल्या आईला किंवा संधिवात असलेल्या वडिलांना तो स्लाइड मागे ओढता येतोच असं नाही. गोळी सुटली की स्लाइड मागे जातो, रिकामं पितळ बाहेर फेकतो आणि परत येताना मॅगझिनमधलं पुढचं काडतूस नळीत ढकलतो.

जीव जातो तो याच ठिकाणी. पिस्तूल रिकामं करताना आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड ओढायचा, मग नळीचं बूड डोळ्यांनी पाहायचं आणि करंगळी घालून चाचपायचं. घाईत माणूस क्रम उलटा करतो. आधी स्लाइड ओढतो, एक काडतूस बाहेर उडी मारतं, त्याला हायसं वाटतं. पण मॅगझिन अजून आतच असतं, त्यामुळे परतणाऱ्या स्लाइडने दुसरं काडतूस नळीत भरलेलं असतं. मग तो मॅगझिन काढतो, हत्यार ‘रिकामं’ म्हणून चाप ओढून बघतो आणि गोळी सुटते. शिकवताना हा क्रम जवानांकडून झोपेतही म्हणता येईल इतका घोटून घ्यावा लागतो. नागरिकाला तो एका दिवसाच्या प्रशिक्षणात कळतो, अंगात मुरत नाही.

रिव्हॉल्वरचं सिलिंडर उघडलं की सहाच्या सहा घरं समोर दिसतात. लपायला जागाच नाही. तिचा चाप जड असतो. त्यामुळे नेम ढळतो, पण चुकून बोट लागलं म्हणून गोळी सुटण्याचा संभवही कमी होतो. पिस्तुलाचे पुरस्कर्ते सांगतात की रिव्हॉल्वरही निर्धोक नाही, आणि ते खरं आहे. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे मुंबईत अभिनेते गोविंदा बाहेरगावी निघताना आपली परवान्याची रिव्हॉल्वर ठेवत होते. तिच्यातून गोळी सुटली आणि त्यांच्या पायात घुसली. जुन्या धाटणीच्या रिव्हॉल्वरमध्ये घोड्याखाली भरलेलं काडतूस असेल आणि आतला अटकाव झिजलेला असेल, तर नुसत्या पडण्यानेही ती उडू शकते. म्हणूनच वापरलेलं हत्यार घेताना पॉलिश पाहू नये, जाणत्या मेकॅनिककडून अटकाव तपासून घ्यावा. आणि दोन्ही ०.३२ म्हणून काडतुसं अदलून-बदलून चालतील या भ्रमात राहू नये. रिव्हॉल्वरच्या काडतुसाला बुडाशी रुंद कडा असते आणि ते लांब असतं; पिस्तुलाचं आखूड. चुकीचं घातलं की हत्यार अडतं किंवा फुटतं.

ओतूरच्या त्या शेतकऱ्यांना मात्र यांतलं काहीच सुचवलं नाही. त्यांचं भय बिबट्याचं आहे. उसातून अंधारात झेपावणाऱ्या पन्नास-साठ किलोच्या जनावराला १७५ ज्यूलची गोळी थांबवत नाही, जखमी करून सोडते. आणि जखमी बिबट्या सगळ्या वस्तीला भारी पडतो. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना प्रामाणिक हेतूने वन्यप्राण्याला मारणं किंवा जखमी करणं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ११ प्रमाणे गुन्हा ठरत नाही, पण पाळत ठेवून मारणं ठरतं. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे, ओतूरला वनपरिक्षेत्र कार्यालय आहे. पिंजऱ्याची मागणी तिकडे करायची. शेतावर सोबत हत्यार हवंच असेल, तर शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्ये किमान २० इंची नळीच्या गुळगुळीत बोअरच्या बंदुकीची वेगळी तरतूद आहे, पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचीही आहे. बाराबोरची दुनळी दोन हजार ज्यूलच्या वर ऊर्जा देते आणि तिच्या नुसत्या बाराने रान दणाणतं. हे सांगितल्यावर ते हिरमुसले. पिस्तुलाला जो रुबाब आहे तो दुनळीला नाही, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही इतकंच. दिवसा वीज द्या, या जुन्नरच्या शेतकऱ्यांच्या जुन्या मागणीने जेवढे जीव वाचतील तेवढे कोणत्याही बंदुकीने वाचणार नाहीत, असं लेखकाचं मत आहे आणि ते तो कुठेही सांगायला तयार आहे.

चोर-दरोडेखोरांचं भय असेल तर प्रश्न वेगळा. सूर्यास्तानंतरच्या घरफोडीविरुद्ध भारतीय न्याय संहितेच्या कलम ४१ मध्ये बचावाचा हक्क मोठा आहे, पण गरजेपेक्षा अधिक इजा करण्याची मुभा त्यात नाही. पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घालणारा स्वतःच आरोपी होतो. मळ्यातल्या घराला विटांची एक भिंत असते, पुढे पत्र्याची पडवी, पडवीत झोपलेली माणसं, गोठ्यात जनावरं. पत्र्याला ०.३२ ची गोळीही आरपार जाते. कोणत्या दिशेला गोळी कधीच झाडायची नाही, हे हत्यार घरी येण्याआधी भिंतीभिंतीनिशी ठरवावं लागतं. निवडणूक लागली की बहुतेकांचं हत्यार पोलीस ठाण्यात जमा होतं, ते दिवस त्याच्याविना काढायचे असतात. परवान्याला वेळ लागतो म्हणून मध्य प्रदेशातल्या उमर्टीहून येणारा गावठी कट्टा घेऊन ठेवणारे तरुणही या पट्ट्यात आहेत. तो कट्टा समोरच्याइतकाच धरणाऱ्याच्या हातावर फुटतो आणि घराला तुरुंग दाखवतो. हळदीत, वरातीत परवान्याच्या हत्याराने हवेत बार काढणाऱ्यांना २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही ठेवले आहेत. त्याच दुरुस्तीने एका माणसाकडे दोनच हत्यारांची मर्यादा घातली.

आता हौस. इथे लेखकाचं मन रमतं. घराच्या पिस्तुलावर नेमबाजी शिकता येत नाही, कारण परवान्यावर लिहिलेली काडतुसं रेंजवरच्या चार खेपांत संपतात. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवलं, ते ०.२२ च्या स्पोर्ट पिस्तुलावर. त्या प्रकारात चापाचं वजन किमान एक किलो लागतं आणि खाच-माशीतलं अंतर २२ सेंटिमीटरपर्यंत चालतं. पुण्यात बालेवाडीला १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांच्या वेळचं क्रीडासंकुल आहे, तिथे रेंज आहे. नारायणगाव-मंचर-चाकणवरून जाऊन यायला ओतूरकराचा दिवस मोडतो, पण जाण्यासारखं आहे.

दिवस मोडायचा नसेल तर एअर पिस्तूल. ०.१७७ बोअर आणि २० ज्यूलच्या आत असेल तर परवाना लागत नाही. दहा मीटर म्हणजे जेमतेम ३३ फूट, आणि कांद्याची चाळ सहसा त्याहून लांब असते. उन्हाळी कांदा विकून झाला की ती काही महिने मोकळीच असते. त्या शेतकऱ्यांच्या मुलीने गेल्या हिवाळ्यात तिथेच सुरुवात केली: टोकाला लोखंडी पेटी तिरकी बसवलेली, मागे मातीची पोती रचलेली, पुढे कागदी निशाण. निशाणाचं काळं वर्तुळ ५९.५ मिलिमीटरचं आणि मधला दहाचा ठिपका ११.५ मिलिमीटरचा. चाळीला बाजूने एकच दार ठेवलं आहे, सराव चालू असताना ते आतून कडी लावून बंद असतं, आणि वडिलांनी दुनळीचा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात दिला आहे.