हवा लहान होत नाही

एम.ए.च्या वर्गात अनुकृतीचा विचार शिकवताना दरवर्षी एक अडचण येते. ॲरिस्टॉटलची अनुकृती म्हणजे नक्कल नव्हे, असे आपण विद्यार्थ्यांना बजावतो. पण मग ती काय, हे सांगू लागलो की आपली भाषा धूसर होते. पुनर्निर्मिती, संभाव्यता, सर्जन असे शब्द फळ्यावर उमटतात, विद्यार्थी ते वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेत आपल्याला परत करतात. नक्कल कुठे संपते आणि दुसरे काही कुठे सुरू होते, ती सीमारेषा बोटाने दाखवता येईल असे उदाहरण मला पाठ्यपुस्तकात सापडले नाही. ते सापडले घराच्या गच्चीवरच्या खोलीत, बाल्सा लाकूड, प्लायवुड, एपॉक्सी आणि बांबूच्या कामट्या यांच्या पसाऱ्यात.

गेली चार वर्षे मी तेथे एक विमान बांधत होते. वेस्टलँड लायसँडर या दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश विमानाची, मुळाच्या एक-पंचमांश आकाराची, रेडिओ-नियंत्रणावर उडणारी प्रतिकृती. मूळ विमानाचा पंखविस्तार पन्नास फूट, म्हणजे १५.२४ मीटर, माझ्या प्रतिकृतीचा तीन मीटरहून किंचित अधिक. सुट्या भागांचा तयार संच आणून जोडण्याचा हा प्रकार नव्हे. आराखडे आणि छायाचित्रे समोर ठेवून प्रत्येक तुकडा स्वतः आखायचा आणि स्वतः कापायचा. या छंदातली मंडळी त्याला ‘स्क्रॅच बिल्ट’ म्हणतात. महाविद्यालयात असताना एन.सी.सी.च्या हवाई विभागात मी एरोमॉडेलिंग शिकले होते. पुढे विषय मराठी घेतला, तरी हाताला लागलेली सवय सुटली नाही. एवढेच या उद्योगाचे चरित्रात्मक स्पष्टीकरण.

लायसँडर दिसायला देखणे विमान नाही. त्याचे पंख वैमानिकाच्या डोक्यावर, चाकांवर मोठमोठी आवरणे, नाक बुटके आणि गोल. पण या कुरूपतेला कारण आहे. डब्ल्यू. ई. डब्ल्यू. पेटर या तरुण अभियंत्याने आराखडा करण्यापूर्वी सैन्यासोबत काम करणाऱ्या वैमानिकांना गाठून, तुम्हाला नेमके काय हवे, असे विचारले. आम्हाला खालची जमीन दिसली पाहिजे, अगदी मंद वेगाने उडता आले पाहिजे आणि लहानशा शेतात उतरता आले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. म्हणून पेटरने पंख मुळाशी अरुंद केला, पुढे रुंद केला आणि टोकाकडे पुन्हा निमुळता केला. त्यामुळे वैमानिकाच्या नजरेआड फारसे काही येत नाही. १५ जून १९३६ रोजी हे विमान प्रथम उडाले. प्रतिकृती बांधणाऱ्याला या पंखाची किंमत मोजावी लागते ती अशी की एकही फासळी दुसरीसारखी नसते. माझ्या पंखात एका बाजूला बावीस फासळ्या आहेत. बावीस वेगळे आकार, बावीस वेगळे नमुने, आणि दुसऱ्या बाजूसाठी त्यांचीच आरशातली रूपे. पहिल्या वर्षाचा उन्हाळा यातच गेला.

खरी अडचण मात्र आकाराची नसते, हवेची असते. आपण विमान पाचपट लहान करतो; हवा लहान करता येत नाही. गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हाडांच्या उदाहरणाने हा हिशेब मांडला होता. लांबी पाचपट घटली की क्षेत्रफळ पंचवीसपट घटते आणि घनफळ एकशे पंचवीसपट. लायसँडरचे भारासह वजन सुमारे २,८७० किलो. त्याला १२५ ने भागले तर तेवीस किलो येतात. माझी प्रतिकृती पंधरा किलोंत बसली. या गणितात हलकेपणा हाच मोठा सद्गुण. आता वेगाचे पाहू. मूळ विमान ताशी सुमारे शंभर किलोमीटर इतक्या मंद वेगानेही आकाशात तग धरत असे. प्रतिकृतीने प्रमाण पाळायचे तर तिने ताशी वीस किलोमीटरने उडावे. ती तशी उडू शकत नाही. चाळीसच्या फार खाली आणले की पंखांवरची हवा सुटते आणि विमान दगडासारखे पडते. त्यामुळे प्रत्येक प्रतिकृती मुळापेक्षा घाईने उडताना दिसते. लहान पंखाला हवा अधिक चिकटही भासते, त्यामुळे मूळ पंखाचा छेद जसाच्या तसा लहान करून वापरला तर तो मुळाइतका चांगला चालेलच, याची खात्री नसते.

म्हणजे रूपाशी पूर्ण इमान राखणारी प्रतिकृती उडत नाही, आणि उडायचे तर कुठे ना कुठे रूपाशी तडजोड करावी लागते. लायसँडरचे नाक बुटके आणि शेपूट लांब. गुरुत्वमध्य जागेवर यावा म्हणून नाकात शिसे भरावे लागते, ज्याचा मूळ विमानाशी काही संबंध नाही. मुळात नऊ सिलिंडरांचे ब्रिस्टल मर्क्युरी इंजिन. माझ्याकडे एक सिलिंडरचे पेट्रोल इंजिन, आणि त्याच्यापुढे शोभेचे नऊ सिलिंडर. आवाज अर्थातच वेगळा. मूळ विमानात मागची आडवी पाती वैमानिकाला कललेली ठेवता येत असे. उतरण्यासाठी ती कललेली असताना ऐनवेळी इंजिनाला पूर्ण जोर दिला, तर नाक आवरेनासे वर जाई आणि अपघात होत. हा दोष मी प्रतिकृतीत आणला नाही. मूळ लेखकाची चूक अनुवादकाने दुरुस्त करावी की नाही, यावर आपण चर्चासत्रे भरवतो. येथे निर्णय एका संध्याकाळी घ्यावा लागला आणि तो घेताना मला कोणताही सिद्धान्त आठवला नाही.

दुसरा निर्णय इतका सोपा नव्हता. कोणते लायसँडर बांधायचे?

भारतीय वाचकाच्या दृष्टीने पहिले उत्तर उघड आहे. भारतीय वायुसेनेच्या पहिल्या स्क्वाड्रनकडे लायसँडर विमाने होती. फेब्रुवारी १९४२ मध्ये ती ब्रह्मदेशातील टाउंगू येथे पोहोचली. जपान्यांनी त्या तळावर बॉम्बहल्ला केला, तेव्हा स्क्वाड्रन लीडर करुण कृष्ण मजुमदार यांनी सीमेपलीकडच्या थायलंडमधील जपानी विमानतळावर जाऊन प्रतिहल्ला केला. हे विमान मुळात टेहळणीचे. चाकांच्या आवरणांना आखूड पंख जोडून त्यांवर बॉम्ब लटकवलेले. मजुमदारांना त्या वर्षी डी.एफ.सी. हे पदक मिळाले. फेब्रुवारी १९४५ मध्ये लाहोरला हवाई कसरतीच्या वेळी झालेल्या अपघातात ते गेले. दिल्लीत पालमच्या वायुसेना संग्रहालयात एक लायसँडर ठेवलेले आहे. मी ते दोनदा पाहून आले, वहीत मोजमापे टिपली, आणि ते आखूड पंख बांधायलाही घेतले.

दुसरे लायसँडर वेगळे आहे. मे-जून १९४० मध्ये फ्रान्स आणि बेल्जियमच्या लढाईत उतरलेल्या १७५ लायसँडरपैकी ११८ नष्ट झाली. ज्या मंदगतीसाठी हे विमान जन्मले, तीच जर्मन लढाऊ विमानांपुढे त्याच्या मुळावर आली. पण त्याच मंदगतीने त्याला दुसरे आयुष्य दिले. बंदुका आणि चिलखत काढून टाकून, पोटाखाली इंधनाची जादा टाकी बसवून, चांदण्या रात्री ही विमाने व्याप्त फ्रान्समधील कुरणांत उतरू लागली. उतरण्याची दिशा सांगायला जमिनीवर तीन विजेऱ्या असत. माणसे उतरायची, परत जाणारी चढायची, आणि साधारण तीन मिनिटांत विमान पुन्हा हवेत. ही चढउतर वेळेत व्हावी म्हणून डाव्या कुशीवर एक लोखंडी शिडी कायमची जोडलेली असे. १६ जून १९४३ च्या रात्री अशा दोन विमानांतून तीन स्त्रिया आँजे शहराजवळ उतरल्या. त्यांतली एक नूर इनायत खान. तिचे वडील, सूफी गायक इनायत खान, बडोद्याचे. ती स्वतः मुलांसाठी लिहीत असे. जातककथांचे तिने इंग्रजीत केलेले पुनर्कथन १९३९ साली प्रसिद्ध झाले होते. व्याप्त फ्रान्समध्ये पाठवलेली ती पहिली स्त्री बिनतारी संदेशवाहक. ऑक्टोबरमध्ये ती पकडली गेली आणि १३ सप्टेंबर १९४४ रोजी दाखाउच्या छळछावणीत तिला गोळी घालण्यात आली.

स्टाफरूममध्ये मी बॉम्बऐवजी शिडी बसवण्याचा विचार बोलून दाखवला, तेव्हा इतिहास शिकवणारे एक सहकारी म्हणाले, “मॅडम, तुम्ही विमानातून युद्ध वजा करताय. शिडी लावली की ते निरागस दिसेल. मजुमदारांचं विमान लोकांना ठाऊक तरी कुठे आहे?” प्रश्न रास्त होता. युद्धविमानाची प्रतिकृती करणाऱ्याने आपल्या हातातील वस्तू कशासाठी घडवली गेली होती, हे विसरू नये, या मताची मीही आहे. छंद फार लवकर निरागस होतो. रंगाच्या छटांवर तासन्‌तास वाद घालणारी माणसे त्या विमानाखाली कोण होते, हे विचारत नाहीत.

पण शिडी निरागस आहे का? ती शिडी मी बांधली तेव्हा मला तसे वाटले नाही. पितळी तारेच्या पायऱ्या करताना दोन पायऱ्यांतले अंतर ठरवावे लागते, आणि ते ठरवण्यासाठी माणसाचे पाऊल लक्षात घ्यावे लागते. एक-पंचमांश प्रमाणात ते पाऊल पाच सेंटिमीटरांचे भरते. बॉम्ब खाली पडतो तेव्हा त्याच्यासोबत कोणी जात नाही. शिडीवरून मात्र एक माणूस अंधारात उतरतो, आणि ज्यांनी त्याला पाठवले ते विमान वळवून परत जातात. मृत्यू दोन्हीकडे आहे. बॉम्बच्या बाबतीत तो दुसऱ्याकडे धाडला जातो, शिडीच्या बाबतीत तो स्वतःकडे घेतला जातो. या फरकाने युद्ध वजा होत नाही. सहकाऱ्यांना मी एवढेच सांगितले, आणि पालमच्या मोजमापांची वही त्यांना दिली. त्यांनी मजुमदारांवर वर्गात एक तास घ्यावा म्हणून. त्यांनी तो घेतला.

पुढच्या आसनावर वैमानिकाची आकृती बसवली आहे, कारण रिकाम्या कॉकपिटचे विमान उडताना खोटे वाटते. मागचे आसन मी रिकामे ठेवले.

विमान पूर्ण झाल्यावर बहुतेकांनी विचारले की आता हे काचेआड ठेवणार ना? चार वर्षांचे काम पहिल्याच उड्डाणात मातीमोल होऊ शकते, ही भीती खरी होती. विशेषतः स्लॅटमुळे. स्लॅट म्हणजे पंखाच्या पुढच्या कडेला बसवलेली सुटी, बारीक पट्टी. विमान वेगात असताना हवेच्या दाबाने ती मिटून बसते. वेग मंदावून नाक वर झाले की त्या कडेवरची हवाच तिला पुढे ओढून घेते. पट्टी आणि पंख यांच्यातील फटीतून वारा सुटतो आणि पंख अधिक काळ तग धरतो. यात वैमानिकाचा हात नसतो. लायसँडरमध्ये आतल्या स्लॅट मागच्या फ्लॅपना जोडलेल्या होत्या आणि बाहेरच्या स्वतंत्र. आतल्या मी छोट्या मोटरवर चालवल्या. प्रतिकृतीवरच्या हवेच्या ओढीने फ्लॅप हलतील, असा भरवसा नव्हता. बाहेरच्या दोन्ही मात्र मोकळ्या ठेवल्या. एक उघडली आणि दुसरी अडकली तर विमान जमिनीजवळ उलटेल, असे अनुभवी मंडळींनी बजावले होते.

२०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे नकाशात हिरव्या पट्ट्यात येणारा एक माळ शोधला. डिसेंबरातल्या सकाळी, वारा पडलेला असताना, एका माजी विद्यार्थ्याने शेपूट धरली. इंजिन सुरू झाले, विमान तीस-चाळीस पावलांत जमिनीवरून सुटले. चार फेऱ्या मुळापेक्षा घाईने, जशा व्हायला हव्या होत्या तशाच झाल्या. मग उंचीवर असतानाच मी इंजिनाचा जोर कमी केला. विमान मंदावले, नाक किंचित उचलले, आणि दोन्ही बाहेरच्या स्लॅट एकदम पुढे आल्या. त्यांना माझ्या हातातल्या यंत्राने कोणतीही आज्ञा दिली नव्हती.

वर्गात जे बोटाने दाखवता येत नव्हते, ते येथे दिसते. शोभेचे सिलिंडर ही नक्कल आहे. रंग ही नक्कल आहे, शिडीही. पण स्लॅटचे उघडणे ही कशाचीही नक्कल नाही. १९३६ साली ज्या कारणाने ती उघडली, त्याच कारणाने ती या माळावर उघडली. हवा तीच, ओढ तीच. मूळ कृती येथे पुन्हा घडते आणि ती घडावी यासाठीच बाकीची सगळी नक्कल करायची असते. शोकांतिका पाहताना जी भीती आणि करुणा दाटून येते ती नटाच्या राजवस्त्रांइतकी खोटी नसते, असे आता मी वर्गात सांगते. ज्या विद्यार्थ्यांना हे अवघड जाते त्यांना गच्चीवर नेते.

उडणाऱ्या प्रतिकृतीचे आयुष्य उड्डाणांत मोजतात. माझ्या वहीत आजवर चौदा नोंदी झाल्या आहेत. पंधरावीच्या आधी डाव्या स्लॅटची एक बिजागरी बदलायची आहे.