पहिल्या बर्फाचे कपडे

मुलगी कॉलेजच्या सहलीत सोलंगला स्कीइंग शिकायला निघाली, तेव्हा कपड्यांच्या खर्चाने आमच्या पोटात गोळाच आला. सौ. म्हणाली, "अहो, दोन दिवसांसाठी विकत कशाला?" खरेच होते. मनालीहून सोलंगच्या वाटेवर बर्फाचे कोट-पँट, बूट भाड्याने मिळतात. फक्त फाटके-ओले नाहीत ना, ते पाहून आधी भाडे ठरवावे. आम्ही विकत घेतले ते थर्मल, लोकरीचे मोजे, पाणी न शिरणारे हातमोजे आणि काळा चष्मा. स्वेटर घरचाच. जीन्स मात्र बॅगेतून काढली. सुती कापड भिजले की लवकर वाळत नाही, अंग गारठते. पोरगी रुसली! मोजेही एकावर एक दोन घालू नयेत. बूट आवळतो, पाय उलट जास्तच गार पडतात.

भाड्याच्या कोटाची तिला लाज वाटत होती. रात्री फोनवर म्हणाली, "बाबा, इथं सगळ्यांच्याच अंगावर भाड्याचे!"