पन्नास सीसीचे लायसन्स

माझे माहेर झाशीचे. नेवाळकरांच्या काळापासून तिथे स्थिरावलेल्या मराठी घरांपैकी आमचे एक. घरात मराठी, अंगणात बुंदेली आणि अर्ज लिहायचा तर हिंदी, असे आमचे त्रिभाषा सूत्र. माझी नोकरी मात्र सगळी महाराष्ट्रात झाली. नोकरी प्रशासनातली, त्यामुळे माहेरी गेले की रेशनकार्डापासून पेन्शनपर्यंतचे प्रश्न माझी वाट पाहात असतात. दोन वर्षांपूर्वी त्यांत भाचीच्या लायसन्सचा प्रश्न होता.

तिला नुकतेच सोळावे सरले होते. कोचिंग क्लास छावणी भागात, सदर बाजारात. घरापासून लांब, आणि सुटण्याची वेळ रात्री आठची. घरात एकशे दहा सीसीची स्कूटर होती आणि ती चालवायला ती शिकलीही होती. भावाने सदर बाजारातल्या ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या एका दुकानात चौकशी केली होती. दुकानदाराने सांगितले की सोळाव्या वर्षीही लायसन्स निघते. वडिलांची संमती लागते, एवढेच. मग गाडी कोणती आहे ते कोण पाहतो? उरलेसुरले काम ताईच्या एका फोनने होईल, अशी भावाची अपेक्षा.

दुकानदाराचे अर्धे म्हणणे अगदी बरोबर होते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४ प्रमाणे वाहन चालवण्यासाठी अठरा वर्षे पूर्ण लागतात. पण पन्नास सीसीपर्यंतच्या मोटारसायकलला सोळा पुरतात. कलम ७ प्रमाणे त्यासाठी पालकाची लेखी संमती लागते. मी हे समजावून सांगितल्यावर भाचीने शांतपणे विचारले, "आत्या, पन्नास सीसीची गाडी मिळते कुठे?"

प्रश्न बिनतोड होता. कायदा झाला तेव्हा रस्त्यावर मोपेडचे राज्य होते. पुण्याच्या कायनेटिकची लूना १९७२ मध्ये आली, टीव्हीएस ५० त्यानंतर १९८० मध्ये. सायकलसारखे पॅडल असलेल्या, जेमतेम वेगाच्या त्या गाड्या कॉलेजच्या मुलामुलींपासून दूधवाल्यापर्यंत सर्वांच्या होत्या, आणि कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर त्याच असणार. पुढे ग्राहकांना दमदार गाड्या हव्याशा झाल्या, प्रदूषणाचे नियम कडक होत गेले आणि त्या वर्गातल्या पेट्रोलच्या गाड्या शोरूममधून नाहीशा झाल्या. लूना हे नाव २०२४ मध्ये विजेच्या गाडीवर परत आले. पण विजेच्या मोटरला सीसी नसतात. सोळा ते अठरा वयाच्या मुलांना विजेच्या स्कूटरचे लायसन्स देण्याचा प्रस्ताव केंद्राने २०१८ मध्ये पुढे आणला होता. तरी २०१९ च्या मोठ्या दुरुस्तीतही कलम ४ मधले सीसीचे माप तसेच राहिले. गाडी गेली, परवानगी उरली.

माझ्या मते अशी परवानगी नसलेली बरी. सरळ बंदी असती तर आईबापांना ती निदान बंदी म्हणून कळली असती. इथे हातात खरा सरकारी कागद येतो आणि त्याच्या आधाराने वेगळीच गाडी चालवली जाते.

भावाचाही तसाच समज होता, की कागद असला म्हणजे आपण सुटलो. म्हणून मी त्याला १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेले कलम १९९अ वाचून दाखवले. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत शिकाऊ लायसन्सही नाही. मुलाकडे शिकाऊ लायसन्स असेल तर पालकाला सूट आहे. पण ज्या गाडीचे लायसन्स तीच गाडी चालवत असेल तरच. विम्याचे तर आणखी वेगळे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या स्वर्णसिंग निकालापासून विमा कंपनीला जखमीची भरपाई देऊन ती गाडीमालकाकडून वसूल करता येते. भाऊ बराच वेळ बोलला नाही. नंतर म्हणाला, "ताई, मग तिने रात्री यायचे कसे?"

या प्रश्नाला माझ्याजवळ कायद्यातले उत्तर होते: अडीचशे वॉट आणि ताशी पंचवीस किलोमीटरच्या आतली विजेची दुचाकी. तिला लायसन्स लागत नाही. भाचीने ती खेळण्यातली ठरवली. अखेर दोन वर्षे ती जाताना ई-रिक्षाने गेली आणि येताना भावाने तिला आणले. त्याची रोजची दीड तासाची खोटी झाली. मी फोन केला नाही याचा त्याचा राग बरेच दिवस टिकला, आणि तो मला समजतही होता.

या उन्हाळ्यात भाची अठरा वर्षांची झाली. अर्ज तिने स्वतः भरला. आता आधारच्या ओळखीवर शिकाऊ लायसन्सची परीक्षा घरबसल्या देता येते. सदर बाजारातल्या त्या दुकानात उत्तरेही भरून मिळतात, हे तिच्या मैत्रिणींनी तिला सांगितले होतेच. आम्ही दोघींनी दोन संध्याकाळी चिन्हे पाठ केली. बिनफाटकाच्या रेल्वे क्रॉसिंगवर काय करायचे, अपघात झाल्यास चालकाची कर्तव्ये कोणती, हेही पाहिले. ती पास झाली. पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' तिनेच रंगवला.

मग नियम ३ निघाला: शिकाऊ चालकासोबत लायसन्सधारक शिकवणारा हवा. भाऊ उत्साहाने आपले लायसन्स घेऊन आला. भाचीने ते उलटून पाहिले. जुन्या नियमाप्रमाणे दिलेले ते लायसन्स वयाच्या पन्नाशीला संपले होते आणि भावाला आता बावन्न चालू आहे. मुदत संपून वर्षापेक्षा अधिक काळ लोटला, की नूतनीकरणासाठी पुन्हा चालवून दाखवण्याची परीक्षा द्यावी लागते. म्हणजे गेले वर्षभर तो रोज रात्री तिला आणत होता, तो विनालायसन्स.

त्याचा अर्जही तिनेच भरला. तोपर्यंत सकाळी साडेपाचला हेल्मेट घालून तिच्या मागे मी बसते. महाराष्ट्रात काढलेले लायसन्स झाशीतही चालते.